कंपवात आणि गोळीची वेळ

बिलोलीसारख्या सरहद्दीवरच्या तालुक्यात, जिथे मराठीच्या जोडीला तेलुगू आणि उर्दू रोज कानी पडते, एखाद्या पेन्शनर गुरुजींचा दस्तखत बँकेतल्या जुन्या नमुन्याशी जुळेनासा झाला, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेले आणि अखेर अंगठा उठवण्याची पाळी आली, तर घरची मंडळी त्याला वार्धक्य समजून स्वस्थ बसतात. परंतु असे आक्रसत जाणारे अक्षर, चालताना न हलणारा एक हात, सदऱ्याच्या गुंडीशी होणारा खोळंबा आणि निर्विकार भासू लागलेला चेहरा ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सन्सची, चिन्हे असू शकतात, हे घरोघरी ठाऊक असावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली अवघ्या सहा रुग्णांच्या अवलोकनावरून या व्याधीचे वर्णन केले, आणि आजही निदानाची मुख्य भिस्त अवलोकनावरच आहे. कारण नेहमीच्या रक्ततपासणीत ती सापडत नाही आणि मेंदूचे छायाचित्र बहुधा इतर विकार वगळण्यासाठीच काढले जाते. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो आणि पेला उचलताच ती थरथर ओसरते काय, डॉक्टरांनी मनगट फिरवले असता ते दातेरी चाकासारखे अडखळते काय, हे पाहावे लागते. कित्येकांना तर कंप मुळीच नसतो. शिवाय उलटी, चक्कर किंवा मानसिक विकार यांवरच्या काही गोळ्यांनीही हुबेहूब अशीच लक्षणे उद्भवतात. म्हणून चालू औषधांची सगळी पुडकी बरोबर घेऊनच दवाखान्याची पायरी चढावी.

मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण झाल्याने हे सारे घडते, आणि ती उणीव भरून काढणारे लेव्होडोपा हे द्रव्य आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांत असते, हे दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी 1937 मध्येच दाखवून दिले होते. मात्र बियांत त्याचे प्रमाण कमीजास्त असल्याने त्या मनाने खाऊ नयेत. लेव्होडोपाने पेशींचा ऱ्हास थांबत नाही, हालचाल मात्र सुकर होते. परंतु वरण, दूध, मांस यांतील प्रथिने त्याच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून लेव्होडोपाची गोळी सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, आणि एकाएकी कदापि बंद करू नये. पुढे पुढे दोन मात्रांच्या मध्येच गोळीचा असर उतरू लागतो. असर कधी चढतो आणि कधी सरतो याची वहीत नोंद असेल, तर डॉक्टरांना मात्रा ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूत विद्युत्‌-तारा बसवण्याची शस्त्रक्रिया होते, पण तिचा लाभ मुख्यत्वे ज्यांना लेव्होडोपा मानवते अशा निवडक रुग्णांनाच होतो. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात तेव्हा जमिनीवर खडूने आडव्या रेघा ओढून त्या ओलांडत चालण्याची युक्ती मात्र बिलोलीतल्या कोणत्याही घरात आजपासून करून पाहता येईल. आणि असे व्यायाम शिकवणारा जाणकार आठवड्यातून एक दिवस तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसावा, ही मागणी बिलोलीकरांनी सरकारदरबारी आग्रहाने मांडली पाहिजे.