नाव आणि कृत्य : पोलीस हुतात्म्याचं स्मरण करायचं म्हणजे काय करायचं?

(पोलीस स्मृतिदिनाच्या निमित्ताने पेण येथे आणि त्यानंतर रोहे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन असतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. पण हाच दिवस का, असं विचारलं तर सहसा उत्तर येत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

२१ ऑक्टोबर १९५९. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज नावाचं ठिकाण आहे. नाव उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं. पण प्रदेश हाडं गोठवणारा. तिथे शोधमोहिमेवर गेलेल्या आपल्या पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. लक्षात घ्या, मी पोलीस म्हणतोय. त्या काळी त्या सीमेवर पोलीस पहारा देत होते. या दहा जणांची आठवण म्हणून पुढच्या वर्षापासून हा दिवस देशभर पाळायचं ठरलं. आपल्या जिल्ह्यात अलिबागच्या मुख्यालयात संचलन होतं, शोकशस्त्र होतं, आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना ज्या पोलिसांना मृत्यू आला त्यांची नावं वाचली जातात. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ साली याच तारखेला राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं. तिथल्या भिंतीवर चौतीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत.

आता प्रश्न असा, की नावं कोरली, नावं वाचली, म्हणजे स्मरण झालं का? आज मला एवढाच एक प्रश्न सोडवून पाहायचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे साध्या गोष्टीला प्रश्न विचारायची खोड आहे, ती तुम्ही चालवून घ्या.

वीरगळ काय सांगतो?

स्मारकं उभारणं ही काही इंग्रजांकडून शिकलेली गोष्ट नाही. आपल्याकडे वीरगळ आहेत. गावाच्या वेशीवर, जुन्या देवळाच्या आवारात, कधी पाराखाली शेंदूर लावलेला दगड असतो; आपण त्याला देव समजून नमस्कार करून पुढे जातो. जरा थांबून पाहिलं तर त्यावर कप्पे दिसतील. ते खालून वर वाचायचे. सगळ्यांत खाली लढाई, किंवा वीर पडलेला. बऱ्याच दगडांवर शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावाचं गोधन पळवलं जात होतं आणि ते राखताना तो मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. शेवटी कलश, आणि बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क समुद्रातली लढाई आहे, गलबतांसकट. तेराव्या शतकात आपल्या उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्यात जो संघर्ष झाला, त्याच्याशी अभ्यासक तो दगड जोडतात.

आता गंमत पाहा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. हा कोण, कुणाचा, काही कळत नाही. पण त्याने काय केलं ते मात्र दगडाने आठशे वर्षं सांभाळलं आहे.

आणि आजचे आपले फलक? त्यांच्यावर नाव असतं, हुद्दा असतो, तारीख असते. त्याने काय केलं ते मात्र नसतं. चौकाला नाव देतो आपण. पाच वर्षांनी रिक्षावाल्याला ते फक्त थांबा म्हणून ठाऊक असतं. वीरगळात कृत्य राहिलं आणि नाव गेलं. आपण नाव ठेवलं आणि कृत्य घालवलं.

नाव का हवं?

कुणी म्हणेल, मग नाव नसलं तरी चालेल की! नाही चालत. अविशाय मार्गालिट नावाचे इस्रायली तत्त्वज्ञ आहेत. स्मृतीची नीती या विषयावर त्यांचं २००२ साली पुस्तक आलं. त्यात सुरुवातीलाच ते एका लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगतात. त्याच्या हाताखालचा एक सैनिक मारला गेला होता. मुलाखतीत या अधिकाऱ्याला त्याचं नाव आठवेना. लोक भयंकर चिडले. का? त्या सैनिकाला आता काही फरक पडणार होता का? नव्हता. पण ज्याच्या शब्दावर माणूस मरायला जातो, त्याने नाव विसरणं म्हणजे त्या माणसाला वापरलेली वस्तू ठरवणं. लोकांना खुपलं ते हे.

आपलंही जरा तपासून पाहू. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर मारले गेले. ही तीन नावं आपल्याला एका दमात म्हणता येतात, आणि ती यायलाच हवीत. पण त्याच गाडीत मागे बसलेले शिपाई कोण होते? जयवंत पाटील, योगेश पाटील, बाळासाहेब भोसले. तेही गेले. चौथे अरुण जाधव जबर जखमी होऊन सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली पडून होते, वाचले, आणि हल्लेखोरांनी गाडी सोडताच त्यांनी वायरलेसवरून खबर दिली. गाडी एक, गल्ली एक, गोळ्याही त्याच. तरी आपल्या आठवणीला हुद्दा कळतो, माणूस कळत नाही!

कृत्य म्हणजे नेमकं काय?

त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी होती. तिथे सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे होते. गाव केडंबे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. आधी लष्करात नोकरी, मग मुंबई पोलीस. वय चौपन्न. हातात काठी.

पळवलेली स्कोडा गाडी आली, अडथळा पाहून अलीकडेच थांबली, वळायचा प्रयत्न केला आणि दुभाजकावर अडकली. गोळीबार झाला, दोघांपैकी एक हल्लेखोर मारला गेला. दुसरा अजमल कसाब. तो बाहेर येताना ओंबळे पुढे झाले आणि त्याच्या एके-४७ ची नळीच त्यांनी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घातली आणि तो जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आपण ही गोष्ट शौर्य म्हणून सांगतो. ते आहेच. पण शौर्य शब्दाने सगळं उलगडत नाही. सैनिक आणि पोलीस यांच्या कामात एक फरक आहे. सैनिकाला शत्रूचा पाडाव करायचा असतो. पोलिसाला माणूस धरायचा असतो, धरून न्यायालयापुढे उभा करायचा असतो. पोलिसाचं क्रियापद ‘धरणे’ हे आहे. ओंबळ्यांनी त्या क्षणी केलं ते शब्दशः हेच. म्हणून तर खटला उभा राहिला. कसाबला वकील मिळाला, साक्षी-पुरावे झाले, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. १६६ माणसं मारणाऱ्या कटाचा एक हल्लेखोर जिवंत हाती लागला, म्हणून तो कट कुठून आला हे जगापुढे मांडता आलं.

‘शहीद’ हा शब्द मुळात अरबी. त्याच्या धातूचा अर्थ साक्ष देणं. युरोपातला ‘मार्टर’ हा शब्दही ग्रीकमध्ये साक्षीदार या अर्थाचाच. आपला ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ओंबळ्यांना दोन्ही शब्द लागू पडतात. त्यांनी आहुती दिली, आणि खटल्यातला सगळ्यांत मोठा पुरावा त्यांच्या हातांनी धरून ठेवला.

इथे पेण तालुक्यातल्या गागोद्याची आठवण होणं साहजिक आहे. विनोबांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज आपल्यापाशी आहेत. त्यात विनोबा स्वधर्मावर फार जोर देतात. त्यांच्या सांगण्याचा मला समजलेला आशय असा, की स्वधर्म बाजारातून निवडून आणायचा नसतो. आई जशी जन्मासोबत मिळते तसा तो आपल्यापाशी आलेला असतो. ओंबळे त्या रात्री शौर्य शोधायला निघाले नव्हते. त्यांची नेमणूक नाक्यावर होती. जे करायचं होतं ते चालत त्यांच्यापर्यंत आलं, आणि ते बाजूला झाले नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातला दुसरा नाका

आता जरा कडू बोलतो. जानेवारी १९९३. दिघीच्या धक्क्यावर रात्री तस्करीचा माल उतरला. माल भरलेल्या गाड्या निघाल्या आणि म्हसळ्याकडच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या अडवल्या. म्हणजे नाकाबंदीचं निम्मं काम झालंच होतं! मग पैशांची बोलणी झाली आणि गाड्या सोडल्या. पुढच्याच महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसं गेली. गोंडघर फाट्यावरच्या पोलिसांना पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं.

दोन्हीकडे पोलीसच होते, अंगावर तीच खाकी होती. दोघांसमोर रात्रीच्या वेळी गाडी आली. एकाने सोडलं, एकाने धरलं. म्हणून मी म्हणतो, की स्मरण गणवेशाचं करायचं नसतं. गणवेश आपोआप पवित्र होत नाही. आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला हे जास्त कळायला हवं. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात याच गणवेशातल्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांचं स्मारकही आपण जपतो. चिरनेरचे हुतात्मे आणि गिरगावचे ओंबळे यांना एकाच मनात जागा द्यायला काही अडचण आहे का? मला तरी दिसत नाही. दोन्हीकडे आपण त्यालाच आठवतो, जो दुसऱ्यांसाठी जागेवरून हलला नाही. आणि कृत्य सांगितलं नाही, नुसतं ‘पोलीस हुतात्मा’ म्हटलं, तर हा फरकच कळेनासा होतो. मग पोलिसांवर टीका करणाऱ्याला स्मृतिदिन ढोंग वाटतो, आणि स्मृतिदिन पाळणाऱ्याला टीका म्हणजे अपमान वाटतो. दोघंही चुकतात.

मानवंदना

रोहेकरांना सांगायला नको. दसऱ्याच्या पाठोपाठ ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि सशस्त्र पोलीस महाराजांना मानवंदना देतात. ती पाहायला माणसं पहाटे उठून येतात. धावीर महाराज म्हणजे गावाचा राखणदार. आजचा राखणदार जुन्या राखणदाराला सलामी देतो, असा मी तिचा अर्थ लावतो. भाविकांनी आपला अर्थ लावावा. दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात.

त्याच सुमाराला २१ ऑक्टोबर येतो. त्या दिवशी मात्र मैदानावर पोलीस असतात, त्यांची कुटुंबं असतात, अधिकारी असतात, आपण नसतो. पोलिसांनी पोलिसांची आठवण काढायची आणि आपण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाहायचा, असं चाललंय. ज्यांच्यासाठी तो मेला ते गैरहजर, हे काही बरं नाही.

तेव्हा दोनच गोष्टी सुचवतो. तुमच्या गावात, शाळेत, चौकात एखाद्या पोलिसाच्या नावाचा फलक असेल, तर त्याखाली दोन ओळींत त्याने काय केलं ते लिहा. शोभेची विशेषणं नकोत. कुठे उभा होता, समोर काय आलं, त्याने काय केलं, एवढं पुरे. दुसरं, मुलांना गोष्ट सांगताना मरणापाशी सुरुवात करू नका. आधी नाक्यापाशी करा.

शास्त्रज्ञांनी आपल्या परीने हे केलंय. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली ओंबळ्यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी. कोळी बोटाच्या पेरात मावेल एवढा. पण त्याची माहिती वाचणारा कुणीतरी विचारणारच, हा तुकाराम कोण? मग त्याला नळी धरलेल्या हातांची गोष्ट सांगावी लागते. नाव असावं तर असं, प्रश्न विचारायला लावणारं.

आजही वडखळच्या नाक्यावर, कोलाडच्या फाट्यावर रात्री कुणीतरी उभं असेल. पाऊस असेल, डास असतील, गाडीतला माणूस ओळख सांगून दम देत असेल. त्या शिपायाला धरायचं की सोडायचं, हे दर रात्री ठरवावं लागतं. न सोडणाऱ्याची आठवण हा समाज ठेवतो, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. ते त्याला कळवणं आपल्या हातात आहे.