कॉम्प्युटरचा वेग वाढवताय? आधी एक उन्हाळा जाऊ द्या

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारी आहे. घाऊक किराण्याचा बाजार, हमालांच्या आरोळ्या, मालाच्या गाड्या आणि मे महिन्यात 42-43 अंशांचं ऊन. आमचं दुकान इथलंच. दुकानाचे हिशेब मी घरून सांभाळते, त्याच कॉम्प्युटरवर ज्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आमचा मुलगा गेम खेळतो आणि प्रोजेक्ट करतो.

18 मेची दुपार होती. 20 तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायचं म्हणून मी बिलं चढवत बसले होते. मागे त्याच मशीनवर मुलाचा व्हिडिओ तयार होत होता. अचानक स्क्रीन निळी झाली आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला. हिशेबाची फाईल काही केल्या उघडेना. पेनड्राइव्हवरचा बॅकअप चार दिवसांपूर्वीचा.

"लाइट गेली का रे?" मी विचारलं.

तो गप्प. मग म्हणाला, "आई, रागावू नकोस. मी जानेवारीत ओव्हरक्लॉक केलं होतं."

चार दिवसांची बिलं परत चढवता चढवता मला या शब्दाचा अर्थ नीट कळला. ज्यांच्या घरात असा एखादा हौशी कलाकार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

म्हणजे नेमकं काय करतात?

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. तबलजीने लय वाढवली की गवयाला आणि नाचणाऱ्याला धावावं लागतं, तसं प्रत्येक ठोक्याला चिपमधलं काम पुढे सरकतं. आजच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये मूळ ठेका 100 मेगाहर्ट्‌झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. 40 ने गुणलं की 4 गिगाहर्ट्‌झ, 43 ने गुणलं की 4.3. हा गुणक कंपनीने ठरवल्यापेक्षा वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलमध्ये हे साधारणपणे नावात 'के' अक्षर असलेल्या प्रोसेसरवर आणि झेड मालिकेच्या मदरबोर्डवर जमतं. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण 'ए' मालिकेचा स्वस्त बोर्ड असेल तर तो परवानगी देत नाही.

ही हौस जुनी आहे. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. तो 300 मेगाहर्ट्‌झचा होता, पण बोर्डावरचा ठेका 66 चा 100 केला की अनेकांचा तो बिनतक्रार 450 वर चालायचा. दीडपट वेग, तोही फुकट! हे किस्से ऐकूनच पुढच्या पिढ्या बिघडल्या असं माझं मत.

आता तसं राहिलेलं नाही. कंपन्या स्वतःच चिप जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत पळवून विकतात. आमच्याकडे 2019 चा रायझन 5 3600 आहे. त्याचा मूळ वेग 3.6, पण एखाद्या कोअरला गरज पडली की तो आपणहून 4.2 पर्यंत जातो. मुलाने सगळ्या कोअरना कायमचे 4.3 दिले आणि ते टिकावं म्हणून व्होल्टेज 1.35 केलं.

खरी किंमत उष्णतेत

इथे थोडं गणित. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. आधी सगळे कोअर कामाला लागले की साधारण 4.0 वर 1.25 व्होल्टने चालायचे, असं त्याने पाहिलं होतं. म्हणजे वेग वाढला साडेसात टक्के आणि उष्णता सुमारे पंचवीस टक्के. बाजारात बसणाऱ्या कुणालाही हा सौदा दाखवा, काय म्हणेल ते मी सांगायला नको.

तरी जानेवारीत सगळं छान चाललं होतं. खोलीत 20 अंश, गेम खेळताना प्रोसेसर 74 वर. त्याची चाचणी तेवढीच. पण पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली 20 अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. मेमध्ये आमची वरच्या मजल्यावरची खोली 40 वर गेली. 74 अधिक 20 म्हणजे 94. या प्रोसेसरची मर्यादा आहे 95! आणि व्हिडिओ तयार करणं हे तर गेमपेक्षाही जड काम. त्यात तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि व्होल्टेज वाढवलं की ती आणखी तापते.

आमच्याकडे आणि विदर्भात 'कूलर' म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर. मुलाने मेमध्ये कॅबिनेट त्याच्यासमोरच सरकवलं होतं! हवा थंड मिळते हे खरं, पण सोबत तुषार येतात आणि खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसतो. कूलर लावा, पण डबा झोतापासून बाजूला ठेवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा कूलर तसाही काम करत नाही.

बंद पडला ते बरंच झालं

मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी मार्चपासूनच येत होत्या. प्रोसेसरच्या आत चूक झाली आणि ती त्याने स्वतःच दुरुस्त केली, अशा अर्थाच्या. दोन महिने मशीन कुरकुरत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कॉम्प्युटर बंद पडला तर निदान कळतं. चुकीचं उत्तर देऊन तसाच चालू राहिला तर? 1993 साली इंटेलचा पेंटियम आला. त्याच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आलं की हा प्रोसेसर काही भागाकार चुकवतो. 4195835 ला 3145727 ने भागलं तर उत्तर 1.33382 यायला हवं, तो 1.33373 देत होता. तिथे कुणी ओव्हरक्लॉक केलं नव्हतं. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या. चिपा बदलून देण्याचा भुर्दंड 47.5 कोटी डॉलरचा पडला. अस्थिर ओव्हरक्लॉकमध्ये आपण हाताने तसाच धोका घरी आणतो, फक्त चूक कुठे होईल हे आधी सांगता येत नाही. हिशेबाच्या मशीनवर मला हे अजिबात नको.

म्हणून चाचणी. मुलाने प्राइम95 हा मोफत प्रोग्राम लावला. जगभरचे हौशी लोक मोठ्या मूळ संख्या शोधायला तो वापरतात. स्वतःच्या गणिताची उत्तरं तो तपासत जातो, त्यामुळे चूक लगेच पकडतो. आमच्या मशीनवर चार मिनिटांत एका कोअरचं काम थांबलं. 'राउंडिंग' चुकलं असा संदेश आला. जानेवारीत हीच चाचणी लावली असती तर माझी चार दिवसांची मेहनत वाचली असती, हे मी त्याला तीनदा ऐकवलं.

मग पद्धतशीर काम सुरू झालं. आधी सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर. कॅबिनेटमधली धूळ काढली, निघाली ती अर्धा पाव तरी असेल. चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. बॉक्समधल्या छोट्या पंख्याऐवजी उंच टॉवर कूलर बसवला. मग वेग चढवायचा तो थोडा थोडा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक पायरीवर अर्धा तास चाचणी आणि आकडे वहीत लिहायचे. वही माझी अट होती. व्होल्टेज 1.3 च्या वर न्यायचं नाही हेही ठरवून टाकलं. एकदा मशीन सुरूच होईना तेव्हा वायर काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं बाजूला ठेवला, सेटिंग पुसली गेली आणि गाडी परत रुळावर आली. शेवटच्या आकड्यावर भर उन्हात दुपारभर आणि मग रात्रभर चाचणी. गारठ्यात पास झालेलं मशीन आमच्या भागात पास धरायचं नाही.

तो पोहोचला 4.1 वर, 1.25 व्होल्टमध्ये. एकही चूक नाही. पण वहीतले आकडे पाहून आम्ही दोघं हसलो. सगळे कोअर 4.1 वर बांधल्यामुळे व्हिडिओचं काम जरासं लवकर होत होतं आणि एकट्या कोअरवरची कामं उलट हळू, कारण ते आपणहून 4.2 गाठणं बंद झालं होतं. माझा हिशेबाचा प्रोग्राम त्यातच मोडतो.

बहुतेकांना खरा फायदा दुसरीकडेच असतो. 3200 ची रॅम घेतली तरी बायॉसमध्ये एक्सएमपी चालू न केल्यास ती 2133 किंवा 2666 वरच चालते. ते एकदा बघून घ्या. अर्थात हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, तेव्हा नंतर मेमटेस्ट लावायला विसरू नका. वॉरंटी चालू असेल तर आणखी जपून, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत. आणि सेटिंगला हात न लावताही बायॉस अपडेट ठेवा. 2024 मध्ये इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे खराब होत होते. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचं अपडेट काढलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आमच्या मशीनवर आता वेग मूळचा आहे, एक्सएमपी चालू आहे, बॅकअप रोज संध्याकाळी दोन ठिकाणी जातो. मुलाने वेगळा जुना बोर्ड आणि एक सेकंडहँड प्रोसेसर आणला आहे, तो हवा तसा तापवायला. त्याच्यावर बिलं चढवायची नाहीत एवढंच मी चिकटपट्टीवर लिहून लावलं आहे.