उलटी किक आणि घाटातली टिंगटिंग: जुन्या बुलेटचे दोन आजार की एकच?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना सुरुवातीचा तो आवाज आठवत असेल, पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा. वाचणाऱ्यांसाठी सांगतो: ती आमच्या बाबांची 1984 ची बुलेट 350 आहे. कात्रजचा घाट, टॉप गिअर, आणि मी रेस पिळलीय. मोबाईल खिशात ठेवून रेकॉर्ड केलं, त्यामुळे वाऱ्याची घरघर तेवढी सांभाळून घ्या.

गाडीच्या तक्रारी दोन. चढाला हे नॉकिंग, आणि सकाळी सुरू व्हायला पंधरा-वीस किका. त्यातच मधूनच किक उलटी यायची. जूनमध्ये अशीच एक बाबांच्या घोट्याला बसली. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे घरात. आईने निकाल दिला, "विकून टाका ती." त्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये आवाज ऐकून सांगितलं की बिग एंड गेलाय, इंजिन खोलावं लागेल. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी आरसी बुक शोधायला काढलं तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

आता मी काही मेकॅनिक नाही, मी दिवसभर कोड लिहितो. पण आमच्याकडे एक सवय असते. एकाच सुमारास दोन बग आले की आधी विचारायचं, दोन्ही एकाच गोष्टीमुळे होतायत का? बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. ते गेलं तर आवाज येईल, मान्य. पण किक उलटी का येईल? तिथे मला शंका आली.

आधी आवाज नीट ओळखू या. बिग एंडचा आवाज जड असतो, खालून ठक ठक येतो, आणि रेस सोडतानाही ऐकू येतो. टॅपेटची टिकटिक वरून येते आणि गाडी उभी असतानाही चालू असते. थंड इंजिनात पिस्टन भिंतीला आपटून थोडा खडखडतो, गरम झाल्यावर थांबतो. आमचा आवाज यातला कुठलाच नव्हता. फक्त चढाला, कमी स्पीडला, जास्त रेस दिल्यावर टिंगटिंग. एक गिअर खाली टाकला की गायब! शिवाय ऑइल काढून पांढऱ्या कपड्यातून गाळलं, चकचकीत कण दिसले नाहीत. बेअरिंग झिजलं असतं तर बहुतेक दिसले असते.

मग ही टिंगटिंग कशाची? प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला एका टोकाकडून पसरत जाते. ती पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने स्वतःहून भडकलं, तर दाबाची लाट सिलिंडरमध्ये आदळते. तेच नॉकिंग. ठिणगी जितकी लवकर, तितका दाब जास्त चढतो आणि धोका वाढतो. इंजिन हळू फिरत असताना रेस पिळली की त्या उरलेल्या मिश्रणाला भडकायला वेळही जास्त मिळतो.

आता उलट्या किकेकडे या. किक मारताना इंजिन अगदी सावकाश फिरतं. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होतो आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. तो धक्का थेट तुमच्या पायाला. म्हणजे दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच निघतं: ठिणगी गरजेपेक्षा आधी पडतेय.

इथे थोडं विषयांतर करतो. बुलेट म्हटलं की आपल्याला हायवे आठवतो, पण या गाडीचं नाव झालं ते ट्रायल्समध्ये. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, चिखल, ओढे यातून हळूहळू जायचं, पाय टेकला की दंड. 1948 साली बुलेटचे प्रोटोटाइप इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये उतरले होते. जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली तीही रॉयल एनफिल्डवर. त्या काळच्या अनेक गाड्यांच्या हँडलला टायमिंग पुढे-मागे करायची लिव्हर असायची. सुरू करताना मागे, वेग घेतला की पुढे. लिव्हर मागे घ्यायला विसरलात की किक उलटी, आणि चढाला पुढेच राहिली की नॉकिंग. हेच तर आमच्या घरात चाललं होतं, फक्त लिव्हर नव्हती.

कारण आमच्या गाडीत ते काम पॉइंटच्या खाली बसलेलं ऑटो ॲडव्हान्स युनिट करतं. दोन छोटी वजनं, दोन स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे जातं, हळू झालं की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. परत ओढलीच नाहीत तर?

तपासायला पैसे लागत नाहीत. इग्निशन बंद करा, पॉइंटचं झाकण काढा, कॅम बोटाने फिरेल त्या दिशेला थोडा पिळा आणि सोडा. टुणकन परत यायला हवा. आमचा जिथे सोडला तिथेच राहिला. ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, आणि एक स्प्रिंग ताणून ढिली पडली होती. (उलट वजनं आतच अडकली तर गाडी झटकन सुरू होते, पण वेग घेत नाही आणि फार तापते.)

सगळं रॉकेलने धुतलं, तेलाचे दोन थेंब, नव्या स्प्रिंगा. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटरमध्ये बसवला. मग वजनं पूर्ण आत असताना पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर आधी असेल तेव्हा पॉइंट उघडेल असं टायमिंग लावलं. हे आकडे आमच्या गाडीचे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

खूप जणांनी मेसेजमध्ये विचारलं, इथेनॉलच्या पेट्रोलमुळे नॉकिंग होतं का? इथेनॉलचा ऑक्टेन उलट जास्त असतो, तेव्हा थेट दोष देता येणार नाही. पण त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या थंडीत कुरकुरतात. जेट आणि जुने रबरी पाइप तपासायला हरकत नाही.

आता किकेचं. कितीही टायमिंग जुळलं तरी बुलेटला अंगावर धावून जायचं नाही. इग्निशन चालू करून किक हळू दाबा. ॲमीटरचा काटा मध्ये आला आणि पाय अडला की थांबा. डीकॉम्प्रेसर ओढून किक अगदी किंचित पुढे न्या, सोडा, किक वर येऊ द्या. मग एकच लांब किक, रेस न देता.

गेल्या रविवारी बाबांनी तशीच मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. घाटात टॉप गिअरला अजून थोडी टिंगटिंग आहे, बहुधा हेडमध्ये कार्बन साचलाय, ते दिवाळीच्या सुट्टीत बघू. आरसी बुक परत कपाटात गेलंय. आईची अट एकच, किक मारताना पायात बूट हवेत, चप्पल नाही.