डाव्या पायाचं शिक्षण

पेट्रोल इंजिनची एक जन्मजात अडचण आहे. त्याला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. विजेची मोटर जागेवर उभी असतानाच पूर्ण जोर लावू शकते, इंजिनला ते जमत नाही. त्याची गती मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या फार खाली गेली की ते थरथरतं, गचके देतं आणि बंद पडतं. सिग्नलला थांबलेल्या गाडीची चाकं मात्र शून्यावरच असतात. एका बाजूला आठशे, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि ही दोन टोकं मोडतोड न होता जोडायची. मॅन्युअल गाडीत हे काम चालकाचा डावा पाय करतो. ऑटोमॅटिकमध्ये ते तेल किंवा एखादं यंत्र परस्पर करून टाकतं आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ज्यांना पुढे आयुष्यभर ऑटोमॅटिकच चालवायची आहे, त्यांनीही गाडी शिकावी ती क्लचवर, असं माझं ठाम मत आहे. यात रुबाबाचा प्रश्न नाही. आजच्या चांगल्या ऑटोमॅटिक गाड्या माणसापेक्षा चपळाईने गिअर बदलतात, मायलेजमध्येही त्या पूर्वीइतक्या मागे नाहीत. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याने ऑटोमॅटिक घेतली तर त्याच्या गुडघ्याचं भलंच होईल. पण गाडीतली ऊर्जा येते कुठून आणि जाते कुठे, हे अंगाला समजण्याचा क्लच आणि गिअर यांच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. आपला प्रदेश घाटांचा आहे. इथे ही समज जिवाशी निगडित आहे.

आधी थोडं गणित करू. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण साडेतीन असतं आणि त्यापुढच्या अखेरच्या दात्यांचं चारच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार चौदा. म्हणजे इंजिनच्या चौदा फेऱ्या झाल्या की चाकाची एक होते, आणि त्या बदल्यात फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, चौदा पट मिळतो. इंजिन आठशेवर असेल तर चाक मिनिटाला सत्तावन्न वेळा फिरेल. चाकाचा परीघ 1.8 मीटर धरला तर वेग येतो ताशी सहा किलोमीटर, झपझप चालणाऱ्या माणसाइतका. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता सपाट रस्त्यावर गाडी जी सरकत राहते, ती याच वेगाने. पाचव्या गिअरमध्ये हाच गुणाकार तीनवर येतो. तीन हजार फेऱ्यांवर तीच गाडी ताशी 108 किलोमीटर धावते, पण जोर फक्त तिप्पट उरतो. चढावर पाचव्यात गाडी का दमते आणि तिसऱ्यात टाकली की तिला का हुशारी येते, याचं उत्तर इथे आहे.

आता शून्य ते सहा किलोमीटर या पट्ट्यात काय होतं ते पाहा. इथे कुठलाच गिअर कामाचा नाही. इंजिनला जोडलेलं जड फ्लायव्हील आठशेने फिरतंय, गिअरबॉक्सकडे जाणारी क्लच प्लेट स्थिर आहे. पेडल हळूहळू वर येऊ लागलं की स्प्रिंगच्या दाबाने प्लेट फ्लायव्हीलला टेकते, घासते आणि घासता घासता फिरू लागते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. त्या क्षणी बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनचा आवाज खाली बसतो आणि पायाखाली एक बारीक थरथर येते. शिकणाऱ्याने ओळखायचं ते एवढंच. पण त्या थरथरीत घर्षणाचा सगळा धडा सामावलेला आहे.

इंजिनची गती आणि क्लचची पकड स्थिर धरली, तर सपाटीवर गाडी सुटताना इंजिनने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी गाडीला वेग देते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. कितीही सफाईने सुटलात तरी ही वाटणी चुकत नाही. सुटायला दोन सेकंद लागतात, उष्णता थोडी असते, प्लेट ती सहज पचवते. खरी गंमत चढावर आहे. दहास एक चढावर साधारण अकराशे किलोची गाडी ब्रेक न दाबता, हाफ क्लचवर तोलून धरली, तर इंजिनचं काम एका कणानेही गाडीला पुढे नेत नाही. सगळं प्लेटमध्येच जिरतं. वरचेच आकडे वापरून हिशोब मांडला तर ही उष्णता सुमारे दोन किलोवॉट भरते, घरातल्या गिझरइतकी. आणि हा गिझर हातभर रुंदीही नसलेल्या चकतीवर चालू असतो. पार्किंगच्या रॅम्पवर रांग लागली की येणारा करपट वास तो हाच. ज्याने हाफ क्लच पायाने ओळखला आहे, तो अशा जागी आपसूक हँडब्रेक ओढतो.

हे ऑटोमॅटिकवाल्यांनाही लागू पडतं, आणि आपल्या देशात तर विशेष. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून एएमटी हा प्रकार आपल्याकडे रुळला. स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून लोक ती घेतात. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, घासणारी प्लेटही तीच. फक्त पेडल दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरली की तीच प्लेट तशीच तापते, पण डाव्या पायाला काही जाणवत नाही, कारण तो मोकळा असतो. क्लच शिकलेला माणूस एएमटीत बसला की आत काय चाललं आहे हे त्याला न बघता कळतं.

चढापेक्षा उतार अधिक गंभीर. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून गाडी तेराशे किलोची असेल, तर या उतरणीत 64 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली आणि चारही चाकांच्या ब्रेकचं लोखंड वीस किलो धरलं, तर वाऱ्याचा हिशोब न करता तापमान सातशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता ओढून नेतो, हवेचा आणि टायरचा अवरोधही वाटा उचलतो, त्यामुळे आकडा इतका चढत नाही. पण काय पणाला लागलेलं असतं ते यातून दिसतं. तापलेल्या ब्रेकची पकड सैल होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. डॉट 3 प्रतीचं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण हे तेल हवेतलं बाष्प शोषतं, आणि ओलसर झालेल्या तेलासाठी तोच निकष 140 अंशांवर येतो. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला टेकतो आणि गाडी तशीच धावत राहते.

यावरचा उपाय गाडीतच आहे, तोही फुकट. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की चाकं इंजिनला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने बंद झालेली असते, त्यामुळे पिस्टनला जवळजवळ निर्वात पोकळीविरुद्ध ओढून काम करावं लागतं. शिवाय आतलं घर्षण असतंच. ताशी तीस किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये इंजिन आठशेच्या आसपास रेंगाळतं, दुसऱ्यात तेच एकवीसशेवर जातं आणि गाडीला मागून धरून ठेवतं. ब्रेक मग वळणापुरते लागतात. डिझेल इंजिनात थ्रॉटलचा हा अडसर नसतो किंवा कमी असतो, म्हणून जड ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरतो.

आणि तरीही उतारावर न्यूट्रल करणारे आहेत. पेट्रोल वाचतं, ही त्यामागची समजूत. इंजेक्शनच्या गाड्यांत ती उलटी ठरते. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि फेऱ्या पुरेशा आहेत, हे कळताच संगणक इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. इंजिनच बंद केलं तर आणखी भयंकर. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. ट्रक असो की छोटी कार, उतारावर इंजिन चाकांपासून तोडणं म्हणजे आपला अर्धा ब्रेक स्वतःच्या हाताने फेकून देणं.

ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. लिव्हरवर एल, दोन किंवा एम असं लिहिलेलं दिसतं. पण जो थेट ऑटोमॅटिकवर शिकला त्याने बहुधा डी सोडून दुसरं काही वापरलेलंच नसतं. इलेक्ट्रिक गाडीतही तत्त्व तेच आहे. उतारावर मोटर जनरेटर होते, गाडी धरते आणि बॅटरी भरते. पण लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून कोणी लगेच घाट उतरू लागला, तर त्या ऊर्जेला जायला जागाच उरत नाही. बऱ्याच गाड्यांत ही पकड तेव्हा कमी होते आणि भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. इंजिन ब्रेक ज्याला कळला त्याला हे सांगावं लागत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर तेवढीच मुभा मिळते. जपानने 1991 पासून ऑटोमॅटिकपुरता वेगळा परवाना ठेवला. आपल्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीसाठी गिअरची आणि विनागिअरची अशी फोड आहे, पण कारसाठी नाही. हलक्या वाहनाचा परवाना एकच. ज्याने कधी क्लच दाबलेला नाही, त्याला मित्राची मॅन्युअल गाडी घेऊन वरंध घाटात शिरायला कायदा अडवत नाही. आधीच्या पिढीला निदान चेतकवर डाव्या हाताने क्लच धरून मनगटाने गिअर टाकायची सवय होती. आता बहुतेकांचं पहिलं वाहन विनागिअरची स्कूटर असते. गावाकडे रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर अंगणात उभी असलेली जीप किंवा पिकअप हमखास क्लचची असते. बॅटरी उतरली तर ती दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊनही चालू करता येते, बॅटरीत थोडा जीव असला म्हणजे झालं.

दोन कानांनी शिकण्यासारखंही गिअरबॉक्समध्ये बरंच आहे. पूर्वी गिअर टाकण्याआधी दात्यांची गती चालकालाच जुळवावी लागे, त्यासाठी दोनदा क्लच दाबायचा. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं. त्यातली कडी आधी घासून गती जुळवते, मगच दाते एकमेकांत बसतात. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत ही सोय आजही नसते. गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकला की खर्रकन आवाज येतो, तो म्हणूनच. मागे जाताना जो लांब हुंकार ऐकू येतो तो सरळ कापलेल्या दात्यांचा. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे असतात, ते हळूहळू भिडतात, म्हणून शांत राहतात.

मॅन्युअलविरुद्ध एक आक्षेप मात्र खरा आहे: नवशिक्याचं लक्ष विभागतं. इस्रायलमध्ये डेव्हिड शिनार आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवे चालक मॅन्युअल गाडीत रस्त्यावरच्या पाट्या ओळखण्यात कमी पडले. अनुभवी चालकांत तसा फरक दिसला नाही. कौशल्य शिकताना आधी प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, मग चुका कमी होतात आणि शेवटी ती विचाराशिवाय होऊ लागते. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी 1967 मध्ये मांडलेले हे तीन टप्पे क्लचला चपखल लागू होतात. म्हणून पहिला टप्पा गर्दीत काढू नये. मोकळं मैदान घ्यावं, ॲक्सिलरेटरला पायच लावू नये, आणि नुसत्या क्लचवर गाडी त्या सहा किलोमीटरच्या वेगाला आणायची, थांबवायची, पुन्हा आणायची. मग सौम्य चढ, हँडब्रेक लावून. मग एखादा छोटा घाट, शिकवणाऱ्याला शेजारी बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्यासाठी.

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. गाडी बंद पडू नये म्हणून तो सवयीने आपलं पेडल धरून ठेवतो, म्हणजे हाफ क्लच त्याचा पाय करतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. पहिल्याच दिवशी त्याला विनंती करावी की मैदानात असेपर्यंत क्लचवरचा पाय काढा, ब्रेकवर ठेवा. गाडी चार-सहा वेळा बंद पडेल, ती पडू द्यावी.