ज्यांच्या हाती वाद्य नव्हतं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑर्केस्ट्राच्या मैफलीत ऐंशी-नव्वद माणसं वाजवत असतात आणि एक माणूस काहीच वाजवत नसतो. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडतात. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एसटीत घंटीची दोरी ओढणारा डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा छडीवाला कंडक्टर नक्की करतो तरी काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

आपला गायक ऐनवेळी सुचेल तशी जागा घेतो आणि तबलजी त्याच्याबरोबर जातो. सिंफनीत तसं नसतं. कुणी कुठला स्वर किती वेळ वाजवायचा, हे रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेलं असतं. मग कंडक्टरला उरतं काय? पुष्कळ उरतं. कागदावर ‘संथ’ असं लिहिलेलं असतं, पण किती संथ? ‘हलक्या आवाजात’ असं लिहिलेलं असतं, पण सोळा व्हायोलिनं आणि एकटा ओबो यांचा हलका आवाज एकसारखा कसा असेल? हे सगळं तालमीत ठरतं. गझल कागदावर एकच असते. तरन्नुममध्ये म्हणणारा आणि तहतमध्ये म्हणणारा तिची दोन रूपं ऐकवतात. इथेही काहीसं तसंच आहे.

विसाव्या शतकातल्या ब्रिटिश संचालकांपैकी माझ्या आवडीचे तिघे: टॉमस बीचम, एड्रियन बोल्ट आणि जॉन बार्बिरोली.

बीचम (1879–1961) म्हणजे श्रीमंताघरचा लाडका मुलगा. आजोबांनी पोट साफ करणाऱ्या ‘बीचम्स पिल्स’ विकून पैसा केला आणि नातवाने तो ऑपेरावर उधळला. संचालनाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. तरी 1932 मध्ये लंडन फिलहार्मोनिक आणि 1946 मध्ये रॉयल फिलहार्मोनिक असे दोन वाद्यवृंद त्यांनी उभे केले. फ्रेडरिक डिलियस या संगीतकारासाठी त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. डिलियसच्या लिखित संहितेत खाणाखुणा फार कमी. कुठे आवाज चढवायचा, कुठे उतरवायचा, हे बीचम यांनी स्वतः ठरवून वादकांच्या प्रतींवर उतरवलं. 1929 मध्ये त्यांनी लंडनमध्ये डिलियस महोत्सव भरवला, तेव्हा अंध आणि पांगळे झालेले डिलियस फ्रान्सहून तो ऐकायला आले होते. बीचम यांची ‘शेहेरजादे’ची 1957 ची ध्वनिमुद्रिका जरूर ऐका. अलिफ लैलाच्या गोष्टींवरची ही रचना आहे रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराची, पण प्रत्येक वादक स्वतःची गोष्ट सांगतोय असं वाटतं. मात्र जे संगीत आवडत नसे, त्याकडे बीचम फारसे वळत नसत. एल्गारसारख्या संगीतकारालाही त्यांनी फारसं जवळ केलं नाही.

बोल्ट (1889–1983) नेमके उलटे. सरळ उभे राहायचे, लांब छडी मनगटाने आणि बोटांनी हलवायची, बाकी शरीर स्थिर. आर्थर निकिश या थोर संचालकाला लायपझिगमध्ये पाहून त्यांनी ही कला उचलली होती. 29 सप्टेंबर 1918 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’ प्रथम वाजलं, ते त्यांच्याच हाताखाली. महायुद्ध अजून संपलं नव्हतं, निमंत्रितांपुरता कार्यक्रम, वादकांना तालमीसाठी दोन तासही मिळाले नव्हते. गुरू ग्रहावरचा भाग सुरू झाला तेव्हा बाहेर फरशी घासणाऱ्या बायका ब्रश खाली ठेवून नाचू लागल्या, अशी आठवण होल्स्टच्या मुलीने लिहून ठेवली आहे. (तो हॉल 1941 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला.) बीबीसीचा सिंफनी ऑर्केस्ट्रा 1930 मध्ये बोल्ट यांनीच घडवला, 1950 मध्ये वयाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त करण्यात आलं. त्यानंतरही अठ्ठावीस वर्षांनी, 89 व्या वर्षी, त्यांनी ‘द प्लॅनेट्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केलं.

बार्बिरोली (1899–1970) यांच्याबद्दल मात्र मला तटस्थपणे बोलता येत नाही. वडील इटालियन, आई फ्रेंच, जन्म लंडनचा. 1936 मध्ये टोस्कानिनी यांच्यानंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं त्यांच्याकडे आली. ही खुर्ची सोडून 1943 मध्ये, भर युद्धात, ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रासाठी परतले. तिथे काय होतं? वादक उरले होते जेमतेम तीस. तरुण सैन्यात गेलेले, हक्काचं सभागृह बॉम्बने उद्ध्वस्त. दिवसदिवस परीक्षा घेऊन त्यांनी माणसं जमवली. प्रमुख बासरीवादक एक शाळकरी मुलगा, हॉर्न वाजवणारी एक शिक्षिका, बाकी आसपासच्या ब्रास बँडमधले लोक. दोनेक महिन्यांत हा वाद्यवृंद मैफलीसाठी उभा राहिला आणि पुढे अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. तयार वाद्यवृंदाकडून उत्तम वाजवून घेणारे पुष्कळ असतात. बीचम यांनी पैशाच्या बळावर उत्तम वादक जमवले, बोल्ट यांच्यामागे बीबीसी होती. बार्बिरोलींनी जे हाताशी होते त्यांनाच तयार केलं.

याच हॅलेमध्ये पन्नाशीच्या दशकात मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवत होते. मुंबईत 1935 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारणारे हे गृहस्थ चाळिशी ओलांडल्यावर मँचेस्टरला जाऊन बार्बिरोलींच्या हाताखाली बसले. त्यांचे चिरंजीव झुबिन 1978 मध्ये त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले.

बोल्ट आणि बार्बिरोली यांची तुलना करायची तर एल्गारची दुसरी सिंफनी दोघांकडून ऐकावी. बोल्ट वळणावर थांबत नाहीत; शेवट कुठे आहे हे त्यांना पहिल्या स्वरापासून ठाऊक असतं. बार्बिरोली रेंगाळतात, एखाद्या स्वरापासून त्यांचा पाय निघत नाही. जाणकार म्हणतात, त्यामुळे रचनेचा बांधा सैल होतो. होतही असेल. पण व्हायोलिनं आणि चेलो एकत्र गातात तेव्हा मला तो बांधा आठवत नाही.

ते स्वतः चेलोवादक होते. 1919 मध्ये एल्गारचा चेलो कन्चेर्टो पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा पुरेशा तालमीअभावी तो पार फसला. त्या दिवशी चेलोंच्या रांगेत विशीतही न पोचलेले बार्बिरोली वाजवत होते. 1965 मध्ये तीच रचना त्यांनी वीस वर्षांच्या जॅकलिन द्यू प्रे हिच्यासह ध्वनिमुद्रित केली. या मुद्रिकेत कंडक्टर फारसा जाणवत नाही. ती मुलगी श्वास घेते तिथे वाद्यवृंद थांबतो, आणि ती पुढे निघाली की पाठोपाठ निघतो.