शॉकअप बदला, पण एका वेळी एकच

पावसाळा सरता सरता गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गाडी मागून फार उडते.’ खाली वाकून पाहिलं, तर कारण बऱ्याचदा समोरच दिसतं. स्प्रिंगच्या आतल्या चकचकीत दांड्यावर तेलाचा ओघळ, आणि त्यावर चिकटलेली काळी माती. सील गेलेलं असतं.

शॉकअप म्हणजे कमरेला आराम, असा सर्रास समज आहे. त्याचं खरं काम चाक रस्त्याला टेकलेलं ठेवण्याचं. खड्ड्याचा दणका स्प्रिंग झेलते, पण लगेच उसळून परतही देते. ती उसळी आवरतं आतलं तेल. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते रेटलं जातं आणि दणक्याची ताकद उष्णता होऊन जिरते. तेल संपलं की चाक टप्पे खाऊ लागतं, आणि रस्ता सोडलेल्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणूनच शॉकअप बदलायचं काम लांबणीवर टाकू नये.

स्प्लेंडर किंवा बुलेटसारख्या, दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या गाडीवर ते घरीही जमतं. वस्तू मिळायलाही अडचण नाही : १९६१ पासूनची गॅब्रिएल इंडिया आणि वाळूजची एंड्युरन्स या शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या महाराष्ट्रातल्याच. मात्र जोडीतले दोन्ही शॉकअप नवे बसवावेत, आणि दोन भोकांमधलं अंतर जुन्याइतकंच असल्याची खात्री करावी. लांबी बदलली की चेनचा ताणही बदलतो.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडला लावावी आणि एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसरा जागेवर असेपर्यंत चाक आणि ते धरणारा स्विंगआर्म खाली येत नाहीत, त्यामुळे नव्याची भोकं सहज जुळतात. दोन्ही एकदम काढले, तर चाक उचलून धरायला आणखी एक माणूस लागतो. वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. भोक जुळत नसेल तर हातोडी उचलू नये. चाकाखाली लाकडी फळी सरकवून ते किंचित वर घ्यावं, बोल्ट बोटांनीच आत जातो.

नट आधी हलके लावावेत. गाडी स्टँडवरून उतरवून, तिच्यावर वजन देऊन मगच कसावेत. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. स्प्रिंगच्या खाचा दोन्हीकडे सारख्या ठेवाव्यात. शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासावेत.

सीटखाली एकच शॉकअप असलेल्या मोनोशॉक गाड्यांचं गणित वेगळं. तो काढताच मागची बाजू खाली बसते, त्यामुळे गाडी आधी भक्कम टेकूवर घ्यावी लागते. तशी सोय नसेल तर ते काम गॅरेजमध्येच करावं.

राहता राहिला जुना शॉकअप. गॅसवाला असेल तर आत दाबाखालचा वायू असतो. तो कापू नये, तापवू नये, आणि भंगारवाल्याला देताना हे तोंडाने सांगावं.