कुत्र्याचा सांधा, मालकाचे डोळे

‘आमचा लॅब्रॅडॉर ११ वर्षांचा. फरशीवरून उठताना मागचे पाय घसरतात, जिना तर त्याने सोडूनच दिलाय. स्टेम सेलचं इंजेक्शन द्यावं का?’ असं एका वाचकाने विचारलंय.

कुत्र्याची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि दुखऱ्या सांध्यात टोचायच्या, असा हा उपचार. २००७ साली अमेरिकेत खुब्याच्या संधिवाताच्या २१ कुत्र्यांवर त्याची चाचणी झाली. पेशी मिळालेले कुत्रे कमी लंगडू लागले. २०२२मध्ये युरोपने तर घोड्याच्या नाळेतल्या पेशी कुत्र्यांना टोचायला परवानगी दिली. घोड्याच्या!

परक्या पेशी चालतात, कारण त्या तिथे मुक्काम करत नाहीत. झिजलेली कूर्चा त्या नव्याने बांधतील, अशी मूळ आशा होती. गवंडी म्हणून बोलावलेल्या माणसाने एकही वीट लावली नाही, पण घरातलं भांडण मिटवून तो निघून गेला, असं काहीसं झालं. या पेशी रासायनिक निरोप धाडून सूज शमवतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. अस्थिमज्जेतल्या अशा पेशी मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइन यांनी दाखवल्या. त्यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं अमेरिकेच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी, १९९१ साली. आणि हेच कॅप्लन २०१७मध्ये लिहितात, नाव चुकलं, बदला! जाहिरातवाल्यांनी मात्र जुनंच नाव धरून ठेवलंय.

कुत्र्याला इंजेक्शनची किंमत कळत नाही, तेव्हा बरं वाटण्याचा भ्रम त्याला होणार नाही, हे खरं. पण मालकाला होतो. २०१२च्या एका अभ्यासात ५८ लंगड्या कुत्र्यांना नुसतंच खोटं औषध दिलं होतं. पाय टेकताना किती जोर पडतो ते जमिनीतली पट्टी मोजत होती. पट्टीला फरक दिसत नव्हता तिथेही अनेक मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. पशुवैद्यांनाही!

मला जास्त भरवशाचा वाटतो तो ४८ लॅब्रॅडॉरांवरचा जुना प्रयोग. जोडीतल्या एकाला जन्मभर २५ टक्के कमी खाणं दिलं. ते कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले.

वाचकाने कुत्र्याचं वजन कळवलेलं नाही. सकाळच्या चहाबरोबर त्याला किती बिस्किटं मिळतात, तेही नाही.